फुलाचा आकार व कीटकांची निवड

(वरच्या इयत्तांच्या निसर्ग-अभ्यासासाठी)

प्राथमिक शाळेत फुलाचा पाठ बहुधा जास्वंदीवर घेतला जातो. फूल मोठे असते, त्याचे भाग सुटे करून दाखविता येतात आणि ते गावात कोणाच्याही दारी मिळते, म्हणून ही निवड सोयीची ठरली आहे. शिक्षक फूल उभे चिरतात. निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर, स्त्रीकेसर ही नावे फळ्यावर लिहितात. मुले आकृती उतरून घेतात आणि ‘फुलापासून फळ तयार होते’ हे वाक्य पाठ करतात. परंतु एखाद्या चौकस मुलाने ‘गुरुजी, जास्वंदीचे फळ कसे असते?’ असे विचारले, तर उत्तर देणे कठीण जाते. दारची जास्वंद फांदी खोचून वाढविलेली असते आणि तिला फळ धरलेले क्वचितच कोणी पाहिले असेल. ज्या फुलाला सहसा फळ येत नाही ते पुढे ठेवून फुलाचे कार्य शिकवावयाचे, असा हा प्रकार आहे.

याहूनही मोठी उणीव अशी की, टेबलावर ठेवलेल्या फुलाकडे कोणीच येत नाही. फूल पसरट का, नळीसारखे का, अर्धवट मिटलेले का, या प्रश्नांची उत्तरे फुलाला चिरून मिळत नाहीत. फुलाकडे कोण येते, कोण येऊन परत जाते आणि कोणाला आत शिरता येते, हे पाहिले तरच आकाराचा अर्थ उलगडतो. म्हणून हा पाठ वर्गात न घेता वेलाच्या मांडवाखाली घ्यावा. श्रावण-भाद्रपदात बहुतेक परसात असा एखादा मांडव असतो. शाळेची स्वतःची बाग असल्यास फारच उत्तम.

या विषयाचा पाया एका शाळामास्तरानेच घातला, ही गोष्ट शिक्षकांना ठाऊक असावयास हवी. ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल हे बर्लिनजवळच्या श्पांडाउ येथील शाळेचे मुख्याध्यापक होते. १७८७ च्या उन्हाळ्यात जिरॅनियमच्या एका रानटी जातीचे फूल पाहत असता त्यांना पाकळ्यांच्या बुडाशी बारीक मऊ केस आढळले. इतके क्षुल्लक केस निष्कारण असतील, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. केसांच्या खाली मधुरसाचे थेंब होते. पावसाचे पाणी त्यांत मिसळू नये, पण कीटकाला मात्र तेथवर पोहोचता यावे, अशी ती रचना असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे अनेक वर्षे ते रानात जाऊन एकेका फुलापाशी बसून राहिले. १७९३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फुलांचे रंग, पाकळ्यांवरील रेघा, नळ्या व केस या सर्वांचा संबंध परागण करणाऱ्या कीटकांशी आहे, असे त्यात शेकडो वनस्पतींच्या आधाराने दाखविले होते. त्या काळच्या विद्वानांनी ग्रंथाकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि १७९४ मध्ये श्प्रेंगेल यांना शाळेची जागाही सोडावी लागली. चार्ल्स डार्विन यांनी १८४१ मध्ये तो ग्रंथ वाचल्यानंतर मग त्याची योग्यता जगाला कळू लागली. श्प्रेंगेल यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. फूल झाडावर असतानाच पाहावयाचे, एवढेच त्यांचे साधन होते, आणि ते प्रत्येक शाळेपाशी आहे.

प्रथम तांबड्या भोपळ्याचे फूल घ्यावे. ते पहाटे उमलते आणि दुपारपूर्वी मिटते, म्हणून मुलांना सकाळी लवकर न्यावे. काही फुलांच्या खाली लहानसा गोल भोपळा दिसतो, ती मादी-फुले. लांब व बारीक देठावर नुसतीच उभी असतात ती नर-फुले. नर-फुलांना फळ धरत नाही म्हणून ती ‘वांझ’ समजून सरसकट खुडून टाकण्याची चूक काही ठिकाणी होते. ती चूक या पाठाने सुटली तरी पुष्कळ झाले.

भोपळ्याचे फूल म्हणजे उघड्या तोंडाचा मोठा पेला होय. त्यात सातेरी मधमाशी शिरते, काळा भुंगा शिरतो, मुंग्या शिरतात आणि पाने खाणारा तांबडा भुंगेराही शिरतो. येथे मज्जाव कोणालाच नाही. परंतु मुलांनी अधिक बारकाईने पाहिल्यास त्यांना दिसेल की, नर-फुलात मधुरस अगदी तळाशी, पुंकेसरांच्या जुडीखाली दडलेला असतो आणि तेथे जाण्याच्या फटी अरुंद असतात. मधमाशी डोके खाली घालून या जुडीशी अंग घासते व पिवळ्या परागाने माखून बाहेर येते. मादी-फुलात मधुरस स्त्रीकेसराच्या बुडाभोवती असतो. तेथे उतरताना माशीचे अंग कुक्षीला लागते. पराग चिकट व जड असल्याने वारा तो वाहून नेत नाही. दार सर्वांना खुले असले, तरी आतली वाट अशी आहे की मधुरस घेणाऱ्याला परागाचा स्पर्श टळत नाही.

हे नुसते सांगून भागणार नाही. ते सिद्ध करून दाखवावे. दुसऱ्या दिवशी उमलतील अशा तीन मादी-कळ्या सायंकाळी निवडून त्यांपैकी दोहोंवर पातळ मलमलीची पिशवी बांधावी आणि एक तशीच ठेवावी. सकाळी एका पिशवीतील फूल उघडून त्याच्या कुक्षीवर नुकत्याच उमललेल्या नर-फुलाचे पुंकेसर हलकेच घासावे व पिशवी पुन्हा बांधावी. दुसऱ्या पिशवीला हात लावू नये. काही दिवसांतच न हाताळलेल्या फुलाखालचा इवला भोपळा पिवळा पडून गळतो, आणि हाताने पराग लावलेला वाढू लागतो. उघडे ठेवलेले फूल काय करते, हे त्या परसात माश्या किती येतात यावर अवलंबून राहील. गावोगावी याचे उत्तर निराळे येईल, आणि ते जसे येईल तसेच नोंदवावे. पिशवी न बांधताही पुष्कळ फळे गळत असतील, तर ती बातमी मुलांनी घरी जरूर सांगावी, कारण ‘वेलाला कळी लागते पण टिकत नाही’ या तक्रारीचे एक कारण माश्यांचा अभाव हेही असू शकते.

आता त्याच मांडवावरील पडवळाकडे वळावे. भोपळा व पडवळ एकाच कुळातील, पाने पुष्कळशी सारखी, वेलही सारखे. फुले मात्र अगदी भिन्न! पडवळाचे फूल पांढरे असून त्याच्या पाकळ्यांच्या कडा वस्त्राच्या दशांप्रमाणे तंतुमय असतात. फुलाचा खालचा भाग बारीक नळीचा असतो आणि ते दिवस मावळताना उमलते. दिवसा पाहिल्यास दशा गुंडाळलेल्या दिसतात. या फुलावर बसावयास जागाही नाही आणि नळीत शिरावयास वाटही नाही. ज्याला बसण्याची गरज नाही आणि ज्याची सोंड लांब आहे, असाच पाहुणा त्याला उपयोगी. तो म्हणजे रात्री फुलासमोर हवेत स्थिर राहून पंख फडफडवीत रस पिणारा पतंग. अंधुक प्रकाशात रंगांचा फारसा उपयोग नसतो. पांढरेपणा आणि दशांमुळे वाढलेला फुलाचा विस्तार यांचा तेथे उपयोग होत असावा. दुधी भोपळ्याचे पांढरे फूलही सायंकाळीच उमलते.

रात्रीचे निरीक्षण शाळेने सामुदायिक रीत्या करू नये. पावसाळ्यात मांडवाखाली सर्पाचे भय असते. ज्यांच्या घरी पडवळ असेल अशा दोन-तीन मुलांनी वडीलमाणसांसह थोडा वेळ उभे राहून पाहावे, आणि विजेरीच्या काचेवर तांबडा पातळ कागद बांधावा, म्हणजे पतंग बिचकत नाहीत.

येथे एक घाईचे अनुमान टाळावयास हवे. भोपळा व पडवळ पाहून मूल म्हणेल की, आकारावरून पाहुणा नेमका ओळखता येतो. अशा वेळी त्याच्यापुढे दोडका व घोसाळे ठेवावीत. ही तर सख्खी भावंडे. दोहोंची फुले पिवळी आणि आकारानेही जवळजवळ सारखी. परंतु घोसाळ्याचे फूल सकाळी उमलते आणि दोडक्याचे सायंकाळी. त्यामुळे त्यांच्याकडे येणारी मंडळी निराळी होते. आकाराबरोबर वेळही पाहावी लागते, हे मुलांना अशा जोडीवरून जितके स्पष्ट कळते तितके व्याख्येवरून कळत नाही.

नळीच्या खोलीचा प्रभाव मात्र मोजूनच दाखविता येतो, आणि त्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. गव्हाच्या वाळलेल्या काडीला पेरापाशी गाठ असते व मधला भाग पोकळ असतो. गाठ तळाशी राहील अशा रीतीने तीन सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे कापावेत. दोहोंच्या तोंडांशी सारख्याच पिवळ्या कागदाची चकती बसवावी आणि ते ओल्या मातीच्या गोळ्यात उभे रोवावेत. एका तुकड्यात साखरेचे पाणी काठोकाठ भरावे, दुसऱ्यात फक्त तळाशी थोडे घालावे. ज्या ठिकाणी मधमाश्या आधीच बशीतील साखरेच्या पाण्यावर येऊ लागल्या आहेत, अशा ठिकाणी हे ठेवून बशी उचलावी. मुंग्या येऊ नयेत म्हणून मातीचा गोळा पाण्याच्या ताटलीत ठेवावा. माशी दोन्ही ठिकाणी उतरेल. भरलेल्या काडीतून ती पिऊ लागेल, आणि दुसरीत तोंड घालून लवकरच निघून जाईल. पुढे पहिल्या काडीतील पाणीही खाली जाईल आणि एका विवक्षित खोलीनंतर माश्या तीही सोडतील. त्या वेळी बारीक गवताची काडी आत घालून तोंडापासून पाण्यापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजावे. हे माप म्हणजे सातेरीच्या सोंडेची साधारण लांबी होय. ती सुमारे अर्धा सेंटिमीटर असते. माशीचे डोके थोडेसे आत जात असल्यास माप किंचित अधिक येते. काडीत पाणी शिल्लक आहे, त्याचा रंग तोच, गोडी तीच, आणि तरी माशीला ते नाही, ही गोष्ट मुले सहसा विसरत नाहीत.

या मापानंतर सदाफुलीचे फूल हातात द्यावे. तिची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि तोंडाशी इतकी अरुंद असते की, सुई घालावयासही जपावे लागते. सातेरीला तो रस अप्राप्य आहे. लांब सोंडेच्या फुलपाखराला तो सहज मिळतो. फुलपाखराची घडी घातलेली सोंड उलगडताना मुलांनी पाहावी. तो देखावा पाहावयास मिळाला तर त्या दिवशी पुढचा पाठ राहिला तरी चालेल.

खोल नळीवरून पाहुण्याविषयी किती दूरवर तर्क करता येतो याचे प्रसिद्ध उदाहरण मादागास्कर बेटावरील एका पांढऱ्या ऑर्किडचे आहे. त्याच्या फुलाची मधुरसाची नळी सुमारे २९ सेंटिमीटर लांब असते. डार्विन यांनी १८६२ मध्ये असे लिहिले की, एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. त्या वेळी असा पतंग तेथे कोणास ठाऊक नव्हता. १९०३ मध्ये, म्हणजे डार्विन यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी, तशा पतंगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले.

असा प्रत्येक तर्क खरा ठरतो असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात देल्पिनो या इटालियन शास्त्रज्ञाने फुलांचे त्यांच्या पाहुण्यांनुसार वर्ग पाडले. अमुक आकार व रंग म्हणजे मधमाशीचे फूल, तमुक म्हणजे पतंगाचे, अशी ती योजना होती. आजही पाठ्यपुस्तकांत ती कोष्टकाच्या रूपाने आढळते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत निरनिराळ्या खंडांतील वनस्पती तपासल्या, तेव्हा या कोष्टकावरून मुख्य परागण करणारा प्राणी बरोबर ओळखता आला तो सुमारे एकतृतीयांश जातींतच. याचा अर्थ कोष्टक टाकून द्यावे असा नव्हे. मात्र ते फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा, आपल्या गावात ते कोठे जुळते व कोठे जुळत नाही हे पाहण्यासाठी वापरावे. ‘फुलपाखराचे फूल’ म्हणून सांगितलेल्या फुलावर मुलाने मधमाशी पाहिली, तर मूल चुकले असे म्हणू नये.

कोष्टक न जुमानणाऱ्यांत पहिला मान काळ्या भुंग्याचा. घराच्या वाशात किंवा बांबूत भोक पाडून राहणारा हा भुंगा अंगाने मोठा असल्याने अरुंद फुलात त्याला शिरता येत नाही. मग तो टेकोमासारख्या घंटाकृती पिवळ्या फुलाच्या बुडाशी बाहेरून चीर पाडतो आणि पुढच्या दाराने न जाता रस चोरतो. अशा चोरीत परागाला स्पर्शही होत नाही. चीर पडल्यावर लहान माश्याही त्याच चिरेतून रस घेतात. गळून पडलेली फुले गोळा करून बुडाशी चिरा असलेली किती, हे मुलांनी मोजावे. आकार हे फुलाचे दार असले, तरी भिंत फोडणारेही असतात, हे त्यांना प्रत्यक्ष दिसेल.

तोच भुंगा तागाच्या शेतात मात्र प्रामाणिक चाकरी करतो. ताग, तूर, वाल यांची फुले पतंगाच्या आकाराची असतात. वरची मोठी पाकळी ध्वजासारखी, बाजूंच्या दोन पंखांसारख्या आणि खालच्या दोन एकमेकींस जुळून झालेली होडी. केसर या होडीत बंद असतात. तागाच्या फुलाचे पंख बोटाने धरून हळूच खाली दाबले, म्हणजे होडीच्या टोकातून पिचकारीप्रमाणे पराग बाहेर येतो. बोट काढले की होडी पूर्ववत होते. हे दार वजनाने व बळाने उघडते. म्हणून तागावर काळे भुंगे आणि पाने कातरणाऱ्या मोठ्या माश्या यांचे काम विशेष असते, आणि त्या न आल्यास शेंगा फार थोड्या धरतात. तुरीत स्वपरागण बरेच होते, त्यामुळे तिचे तितके अडत नाही. मूल शेतकऱ्याचे असेल तर हा फरक त्याला लवकर समजतो.

वांग्याच्या फुलाची तऱ्हा आणखी निराळी. त्यात मधुरस नाही. मधोमध पिवळ्या परागकोशांचा शंकू असतो आणि प्रत्येक कोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते. पराग आत असतो, जणू मिरपुडीच्या डबीत भरल्यासारखा. डबी हलविल्याविना पूड पडत नाही. काळा भुंगा व पोटावर निळसर पट्टे असलेली एक रानमाशी शंकूला मिठी मारून पंख न हलविता अंगाचे स्नायू वेगाने थरथरवितात. त्या वेळी आवाज बदलून उंच गुणगुण ऐकू येते आणि पराग छिद्रांतून उडतो. मधमाशीला ही विद्या नाही. शाळेत नादकाटा असल्यास तो ठोकून शंकूच्या बाजूस अलगद टेकवावा आणि फुलाखाली काळी पाटी धरावी. पाटीवर पिवळसर भुकटी पडते. न ठोकलेला नादकाटा टेकवून काय होते हेही आधी दाखवावे, म्हणजे मुलांची खात्री पटते. नादाचा पाठ व फुलाचा पाठ असे एकत्र येण्याचा योग क्वचितच मिळतो.

काही दारे अगदी लहान पाहुण्यांसाठीच असतात. सीताफळाच्या फुलाच्या तीन जाड पाकळ्या प्रथम जेमतेम विलगतात. त्या अवस्थेत कुक्षी तयार असते, पराग नसतो. फटीतून बारीक भुंगेरेच तेवढे आत जातात. पुढे पाकळ्या पूर्ण उघडतात तेव्हा पराग सुटतो. दोन्ही अवस्था एकाच वेळी जुळत नसल्याने व भुंगेरे पुरेसे नसल्याने सीताफळाला फुलांच्या मानाने फळे फार थोडी लागतात. म्हणून काही बागाईतदार ब्रशाने पराग लावतात. उंबराची गोष्ट तर भाषेतच आहे. ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ असे म्हणताना आतले किडे म्हणजे घाण, असा भाव असतो. वस्तुतः उंबर हे फळ नसून आत शेकडो फुले असलेली बंद पिशवी आहे. तिच्या तोंडाशी असलेल्या खवल्यांच्या छिद्रातून एका चिमुकल्या गांधीलमाशीची मादीच तेवढी घुसू शकते. घुसताना बहुधा तिचे पंखही तुटून पडतात. तिच्यावाचून उंबरात बी धरत नाही, आणि उंबरावाचून तिला अंडी घालावयास जागा नाही. केंबरे दिसताच उंबर फेकून देणाऱ्या मुलास एकदा भिंग देऊन आत पाहू द्यावे.

याच्या उलट आंब्याचा मोहोर. त्याची फुले लहान, पसरट आणि रस उघड्यावर. तेथे लांब सोंड नको, बळ नको, कौशल्य नको. घरातल्या माशीच्या जातीच्या माश्याही तेथे परागण करतात. कोथिंबीर व बडीशेप यांच्या छत्र्यांवरही हीच गर्दी असते. माशी म्हणजे केवळ रोगराई, असे शिकविणाऱ्या शाळेत हे सांगणे थोडे अवघड जाते खरे. पण आरोग्याचा पाठ स्वयंपाकघरासाठी आहे आणि हा आंबराईसाठी.

एवढ्याने आकार हा कोणाला ‘शक्य’ आहे ते ठरवितो, हे स्पष्ट होते. जे शक्य आहे त्यातून कीटक ‘पसंत’ काय करतो, हा प्रश्न उरतो. १९३० च्या सुमारास जर्मनीत मथिल्डे हर्ट्झ या संशोधिकेने मधमाश्यांपुढे कागदी आकृत्या ठेवल्या, तेव्हा शिकवणूक न मिळालेल्या माश्या भरीव वर्तुळाकडे किंवा चौकोनाकडे न जाता कंगोरे अधिक असलेल्या, तुटक कडांच्या आकृत्यांकडे अधिक वळल्या. चौकोन व त्रिकोण यांतील भेद माशीला कळत नाही असेही त्या वेळी वाटले होते. पुढे उभ्या फळीवर आकृत्या लावून केलेल्या प्रयोगांनी ते मत दुरुस्त झाले. माशीला असे भेद शिकता येतात. २००९ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी दाखविले की, पाकळीच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म शंकूसारख्या पेशींचा माशीला पाय रोवण्यास उपयोग होतो. चढण असलेल्या गुळगुळीत पाकळीपेक्षा खरखरीत पाकळी ती पसंत करते. आकार म्हणजे केवळ डोळ्यांना दिसणारी रेषा नव्हे, तो पायांनाही कळतो.

शिवाय माशी अनुभवाने शिकते. एका फेरीत मधमाशी एकाच जातीची फुले धरून ठेवते, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदविले होते. डार्विन यांनी १८७६ मध्ये त्याचे कारण सुचविले. एका जातीच्या फुलावर कोठे उभे राहावे आणि सोंड कोठे घालावी हे एकदा साधले, म्हणजे त्याच जातीवर काम झपाट्याने होते. गुंतागुंतीच्या फुलावर नवखी माशी चाचपडते, सरावलेली चटकन काम उरकते. म्हणून ज्या फुलाचा आकार अवघड, त्याच्याकडे येणारे थोडे, पण एकदा शिकलेले परत परत येणारे. फुलाचाही त्यात लाभ असतो, कारण त्याचा पराग परक्या जातीच्या फुलावर वाया जात नाही. मुलांनी एकाच माशीवर नजर ठेवून ती लागोपाठ कोणत्या फुलांवर बसते ते बोटांवर मोजावे. पाच-सहा फुलांपर्यंत माग राहिला तरी पुरे.

निरीक्षणास जाताना मुले फुलाच्या बाजूस उभी राहावीत, माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत नसावीत. आग्या मोहोळाच्या आसपास कोणासही नेऊ नये. दंशाने ज्याच्या अंगावर सूज वा पुरळ येते अशा मुलाची आधी चौकशी करून त्याला लांबून नोंद लिहिण्याचे काम द्यावे.

या पाठाचा एक धागा घरच्या शेतीपर्यंत जातो. भोपळ्याच्या वेलावर कीड पडल्यास औषध मारावयाचे ते सकाळी फुले उघडी असताना मारू नये, सायंकाळी मारावे, असे सांगितले जाते व ते योग्य आहे. परंतु त्याच मांडवावर पडवळ, दोडका किंवा दुधी असेल, तर सायंकाळ ही पतंगांची वेळ ठरते. कोणत्या वेलाची फुले केव्हा उमलतात याची मुलांनी केलेली नोंद अशा वेळी वडिलांच्या उपयोगी पडते. मोहोरावर फवारणी करण्यापूर्वी आंब्याच्या बाबतीतही हाच विचार व्हावा.

नोंदवहीत प्रत्येक फुलासाठी एक पान ठेवावे. त्यावर फुलाचे नाव, उमलण्याची वेळ, नळी असल्यास तिची मोजलेली लांबी, आलेले कीटक आणि त्यांनी काय केले, एवढे असावे. कीटकाचे नाव ठाऊक नसल्यास ‘लहान, काळी, पायावर पिवळी गोळी’ असे वर्णन लिहावे. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा ते बरे. पान पेन्सिलीने लिहावे, कारण पुढील वर्षी दुसऱ्या तुकडीला त्यात दुरुस्ती करावी लागेल. पावसाळी वेलांची पाने भाद्रपदापर्यंत भरून होतात. तागाची व वांग्याचीही सोबत घेता येतात. आंब्याच्या मोहोराचे पान मात्र माघापर्यंत कोरेच राहणार. ते कोरे दिसले म्हणून वही बंद करू नये.